सात रोपं लावली, दोन जगली



मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्याकडे झाडं लावायचा दिवस ठरतो. गाडी येते, काळ्या पिशव्यांतली रोपं उतरवली जातात, गटाच्या बायका गायरानावर जमतात. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात. पाहुणे येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो, पोहे-चहा होतो आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत आपण घरी. गेल्या वर्षी आम्हीही हेच केलं. दिवस चांगला गेला, खोटं कशाला बोलायचं. हसलो, गाणी म्हटली, एकमेकींच्या पिशव्या फाडून दिल्या.

मग शिमग्याच्या आधी आमच्यातल्या चौघी सरपणाला त्याच बाजूला गेल्या. खड्डे होते. खड्ड्यांत वाळक्या काड्या होत्या. काही ठिकाणी नुसती पिशवी वाऱ्यावर फडफडत होती. जगलेली रोपं हाताच्या बोटांवर मोजता आली. मोळी बांधून परत येताना कोणी काही बोललं नाही.

म्हणून या वेळच्या भाषणात आम्ही ठरवलं, ‘झाडं लावा’ असं सांगायचं नाही. ते सगळेच सांगतात. लावलेलं झाड जगतं कशानं आणि मरतं कशानं, त्याचा इतिहास सांगायचा. शोधता शोधता एक गोष्ट हाती लागली. ती आपल्या देशातली नाही. पण ऐकताना तुम्हाला वाटेल, हे तर आपल्याच शिवारात घडलंय.

आपल्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येला गेलं की आफ्रिका खंड लागतो. त्याच्या पूर्व बाजूला केनिया नावाचा देश आहे आणि नैरोबी ही त्याची राजधानी. देशाच्या मध्यावर बर्फाचा माथा असलेला उंच डोंगर आहे, माउंट केनिया. त्या डोंगराच्या आसपास तांबडी माती आणि पाऊस बरा. मका, घेवडा, ज्वारी, बाजरी, रताळी अशी पिकं. शेतातलं बरंचसं काम बायकांच्या अंगावर. पाणी आणि सरपण तर बायकांचंच काम. आपण डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी वाहतो, तिथल्या किकुयू जमातीच्या बायका कपाळाला पट्टा लावून मोळी पाठीवर घेतात. वजन तेवढंच.

या भागातल्या न्येरी जिल्ह्यात इहिथे नावाच्या खेड्यात १९४० साली एका शेतकरी घरात वंगारी मथाई यांचा जन्म झाला. लहानपणी त्या आईसाठी सरपण गोळा करायला जायच्या. घराजवळ एक मोठं झाड होतं, उंबराच्या जातीचं. त्यांच्या भाषेत त्याला मुगुमो म्हणतात. आईनं बजावलं होतं, या झाडाची काटकीसुद्धा आणायची नाही, हे देवाचं झाड आहे. त्या झाडाजवळच एक झरा होता. छोटी वंगारी त्या झऱ्यात बेडकांची अंडी बघत बसायची. मण्यांसारखी दिसतात म्हणून ती उचलून गळ्यात घालायला बघायची, आणि ती बोटांतून निसटायची.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, “अगं, हे तर आपलं दत्ताचं उंबर झालं.” खरंच आहे. उंबर तोडायचं नाही, उंबराखाली पाणी असतं, हे आपणही आजीकडून ऐकलंय. वंगारीबाई पुढे शिकल्या तेव्हा त्यांना आईच्या बोलण्यामागचं कारण कळलं. या जातीच्या झाडाची मुळं खोल जातात, खडकाच्या फटींत शिरतात, खालच्या पाण्यापर्यंत पोचतात, आणि ते पाणी कच्च्या जागेतून झऱ्यासारखं वर येतं. मुळांनी उताराची माती धरून ठेवलेली असते, ती वेगळीच. देव म्हणून राखलं, पण राखलं गेलं पाणी.

वंगारीबाई हुशार निघाल्या. १९६० साली शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेला शिकायला गेल्या आणि १९६६ मध्ये परत आल्या. पुढे नैरोबीच्या विद्यापीठातून १९७१ साली त्यांनी डॉक्टरेट घेतली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण गावी गेल्या तेव्हा ते मुगुमोचं झाड जागेवर नव्हतं. जमिनीचा मालक बदलला होता. नव्या मालकानं चहा लावायला जागा हवी म्हणून झाड तोडलं होतं. आणि झराही आटला होता.

एक झाड गेलं म्हणून एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण ते एकटं गेलं नव्हतं. केनियावर इंग्रजांचं राज्य होतं. डोंगराळ भागातली चांगली जमीन त्यांनी गोऱ्या मळेवाल्यांना दिली. जुनी रानं तोडून तिथे लवकर वाढणारी, बाजारात विकली जाणारी परकी झाडं लावली. पाइन, निलगिरी, आणि जिच्या सालीवर कातडी कमावतात ती ऑस्ट्रेलियातली बाभूळ. लांबून पाहिलं तर डोंगर हिरवाच दिसायचा. पण त्या हिरव्याखाली गवत नाही, पाखरांना फळ नाही, पाणी धरणारा पाचोळ्याचा थर नाही. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. इंग्रज गेले, पण त्यांनी घालून दिलेली रीत मागे राहिली. चहा-कॉफीचे पैसे मिळतात म्हणून लोकांनी आपल्या वावरातली आणि उतारावरची उरलीसुरली झाडंही काढली.

हे आपल्यालाही नवं नाही. त्याच इंग्रज सरकारनं १८६४ साली आपल्या देशात वनखातं काढलं. १८७८ च्या कायद्यानं मोठमोठी रानं राखीव केली. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड लागत होतं, त्यासाठी साग सांभाळायचा होता. गावाच्या गुरांना चराई आणि बायकांना सरपण, ही त्या हिशेबात अडचण होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच्यावर कोरडा ओढला आहे. शेतकऱ्याची गुरं जिथे चरायची ती रानं आणि गायरानं जंगलखात्यानं घशात घातली, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. म्हणजे समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे एकच गोष्ट चालली होती. रान कशासाठी, हे रानाजवळ राहणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं.

आता पुन्हा केनियात येऊ. १९७० नंतरची वर्षं. वंगारीबाई विद्यापीठात जनावरांच्या डॉक्टरकीच्या विभागात शिकवत होत्या. गुरांना गोचिडीमुळे होणाऱ्या एका तापाचा त्या अभ्यास करत होत्या. गोचिड्या गोळा करायला त्या नैरोबीच्या आसपासच्या खेड्यांत फिरायच्या. तिथे त्यांनी पाहिलं, गुरं हाडकुळी झालीत, कारण चारा नाही. पाऊस पडला की ओढे-नद्या तांबड्या होऊन वाहताहेत, कारण मातीच चाललीय. त्यांच्या मनात आलं, गोचिडीचं औषध शोधून काय होणार? गाय आधी उपाशीच मरायची.

त्याच वेळी त्या केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत काम करायला लागल्या. १९७५ हे साल जगभर आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्या निमित्तानं खेड्यांतल्या बायकांना विचारलं गेलं, तुमची अडचण काय आहे? बायकांनी मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. सरपण मिळत नाही, प्यायला चांगलं पाणी नाही, मुलांना पोटभर चांगलं खायला नाही, हातात चार पैसे नाहीत. आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या भागात चहा-कॉफीमुळे पैसा बरा होता, तिथलीच मुलं अशक्त निघत होती. का? कारण जमीन विकायच्या पिकाखाली गेली होती आणि सरपण मिळेनासं झालं होतं. घेवडा, मका शिजायला वेळ लागतो, जाळ लागतो. जाळच नसेल तर आई पटकन होणारं, पांढऱ्या पिठाचं काहीतरी करून घालते. चूल, माती आणि मुलाचं पोट यांचा धागा त्या बायकांच्या बोलण्यातून समजला.

वंगारीबाईंना वाटलं, मग झाडं का लावू नयेत? झाड असेल तर सरपण मिळेल, चारा मिळेल, कुंपणाला काठ्या मिळतील, माती थांबेल, सावली मिळेल.

आता ऐका, पहिला प्रयत्न कसा फसला ते. १९७६ च्या सुमाराला त्यांनी आपल्या परसात रोपं ठेवली होती. त्या एका परिषदेसाठी कॅनडाला गेल्या. नैरोबीत पाणीकपात चालू होती. परत येऊन बघतात तर बहुतेक रोपं मेलेली. इतक्या शिकलेल्या बाई, तरी रोपं पाण्यावाचून गेली. आमच्या गायरानावरच्या वाळक्या काड्या आठवून आम्हाला, खरं सांगतो, जरा धीर आला.

दुसरा प्रयत्न ५ जून १९७७ रोजी झाला. तो जागतिक पर्यावरण दिन. महिला परिषदेनं नैरोबीत मिरवणूक काढली. शहराच्या मध्यापासून निघून लोक कामुकुंजी नावाच्या मैदानात आले. तिथे सात रोपं लावली गेली. देशातल्या वेगवेगळ्या जमातींत होऊन गेलेल्या सात पुढाऱ्यांच्या नावानं ही सात रोपं होती. भाषणं झाली असतील, टाळ्या झाल्या असतील. आपल्या कार्यक्रमासारखाच कार्यक्रम.

त्या सातांपैकी पाच मेली आणि दोन जगली.

ही गोष्ट वंगारीबाईंनी लपवली नाही. पुढे जगभर नाव झालं तरी त्या सांगत राहिल्या की सातातली दोनच राहिली. आम्हाला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट मोठी वाटली. कारण लावलेल्या झाडांचा आकडा सगळीकडे सांगतात, मेलेल्यांचा कोणी सांगत नाही. आणि मेलेल्यांचा आकडा लपवला की ती का मेली हे शोधायचं राहून जातं.

जी दोन जगली ती होती नांदी फ्लेम नावाची झाडं, लालभडक फुलांची. आपल्याकडे शहरातल्या रस्त्यांवर हे झाड दिसतं. त्याच्या कळ्या दाबल्या की पाणी उडतं म्हणून मुलं त्याला पिचकारीचं झाड म्हणतात. पण गंमत बघा. ते झाड आफ्रिकेचं आहे. तिकडे ते घरचं आणि आपल्याकडे पाहुणं. म्हणून ‘देशी झाड’ म्हणजे काही ठरावीक नावांची यादी नाही. ज्या मातीत, ज्या पावसात, ज्या पाखरांच्या संगतीत ते पिढ्यान्‌पिढ्या वाढलं, तिथलं ते देशी. त्यांच्या न्येरीत मुगुमो. आपल्याकडे उंबर, करंज, जांभूळ, आणि डोंगरउताराला हिरडा, बेहडा, ऐन.

सात रोपांच्या त्या दिवसानंतर खेड्यांतल्या बायकांकडून मागणी यायला लागली, आम्हालाही रोपं द्या. सुरुवातीला वनखात्यानं रोपं फुकट दिली. खात्याला वाटलं असेल, या बायका कितीशी रोपं नेणार? पण मागणी इतकी वाढली की खात्यानं हात आखडता घेतला आणि पैसे मागायला सुरुवात केली. मग ठरलं, बायकांनी आपली रोपं आपणच तयार करायची.

शिकवायला खात्याची माणसं आली. त्यांनी जमिनीचा उतार, खोली, मातीचे प्रकार, खास अवजारं असं काय काय सांगितलं. बायका गोंधळल्या. वंगारीबाईही विचारात पडल्या, की झाड लावायला एवढं सगळं कशाला लागतं? मग त्यांनी बायकांना सांगितलं, तुम्ही आयुष्यभर मका पेरलात, घेवडा पेरलात. बी कसं धरायचं, कधी टाकायचं, हे तुम्हाला कळतं. तशीच झाडंही लावा. बायकांनी आसपासच्या झाडांखालचं बी गोळा केलं. रोपं वाढवायला फुटकी मडकी आणि जुने डबे घेतले, तळाला भोकं पाडली. कोणतं बी कधी उगवतं हे एकमेकींना सांगितलं. या बायकांना वंगारीबाई ‘पदवी नसलेल्या वनाधिकारी’ म्हणायच्या.

या कामाला नाव पडलं ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, म्हणजे हिरव्या पट्ट्यांची चळवळ. शाळेच्या आवाराला, शेताच्या बांधाला, मोकळ्या जागेला झाडांच्या ओळी लावायच्या. एका पट्ट्यात किमान हजार रोपं. माती उघडी पडली होती, तिला जणू पट्टा बांधायचा.

आणि मग त्यांनी एक नियम केला. मैत्रिणींनो, हा नियम नीट ऐका, कारण सगळी मेख त्यातच आहे. गटानं वाढवून लावलेल्या रोपासाठी बाईला थोडे पैसे मिळायचे. फार नाही, अमेरिकेच्या पैशात चार सेंट. पण ते कधी मिळायचे? रोप लावलं त्या दिवशी नाही. काही महिन्यांनी कोणीतरी जाऊन बघायचं, आणि जे रोप जगलंय त्याचेच पैसे. खड्ड्याचे नाहीत, पिशवीचे नाहीत, फोटोचे तर नाहीतच.

या एका नियमानं सगळं उलटं झालं. झाड लावायचा दिवस हा शेवटचा दिवस न राहता पहिला दिवस झाला. मग बाई विचार करणारच, पाण्याजवळची जागा कोणती? शेळ्या कुठून येतात? उन्हाळ्यात घागरभर पाणी कोण घालणार? या मातीत कोणतं झाड कमी लाडात वाढतं? गट बांधण्यापासून शेवटच्या पाहणीपर्यंत त्यांनी कामाच्या दहा पायऱ्या ठरवल्या. खड्डा ही त्यातली एक पायरी. आपण त्या एकाच पायरीवर हार-तुरे घालून परत येतो.

पैसा कुठून आला, हेही सांगायला हवं. १९८१-८२ च्या सुमाराला नॉर्वे देशातल्या वनसंस्थेनं मदत केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीतून पैसे आले. त्यातून काम पसरलं. पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. भराभर वाढणाऱ्या परक्या झाडांची ओढ बायकांनाही होती. ज्या घरात आज चूल पेटवायला काटकी नाही, तिथे चाळीस वर्षांनी मोठं होणारं झाड लावा म्हणणं सोपं नाही. ही अडचण खरी आहे, ती आपल्याकडेही आहे. म्हणून बांधावर सरपणाचं, फळाचं झाड आणि रानात, ओढ्याकाठी तिथलं जुनं झाड, असं वाटून घ्यावं लागतं.

काम वाढत गेलं तसा एक प्रश्न पुढे आला. झाडं बायका लावतात, पण जमीन कोणाची? रान कोण विकतं? वंगारीबाई खेड्यांतल्या बैठकांत बसच्या प्रवासाचा दाखला द्यायच्या. माणूस चुकीच्या बसमध्ये का बसतो? लोक उत्तरं द्यायचे. पाटी वाचता आली नाही, विचारलं नाही, कोणीतरी चुकीचं सांगितलं, विचारायची भीती वाटली. मग त्या म्हणायच्या, आपलंही तसंच झालंय, चला, कुठे चुकलं ते बघू. एसटीच्या फाट्यावर उभं राहून आपणही हे अनुभवलंय, नाही का?

आणि विचारायला लागलं की त्रास सुरू होतो. १९८९ साली नैरोबीतल्या उहुरू पार्क या सार्वजनिक बागेत साठ मजली इमारत बांधायचं ठरलं. वंगारीबाईंनी विरोध केला. त्यांची टिंगल झाली. चळवळीला सरकारी जागेतलं ऑफिस सोडावं लागलं आणि काम त्यांच्या राहत्या घरी हलवावं लागलं. पण ती इमारत झाली नाही, बाग राहिली.

त्याहून मोठा प्रसंग करुरा जंगलाचा. नैरोबी शहराच्या उत्तरेला हजार हेक्टरांवर पसरलेलं हे रान. १९९८ साली कळलं की या सार्वजनिक रानाचे तुकडे गुपचूप खासगी बांधकामवाल्यांना दिले गेलेत. वंगारीबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायका तिथे गेल्या. घेऊन काय गेल्या? रोपं आणि पाण्याचे डबे. ८ जानेवारी १९९९ रोजी त्या पुन्हा गेल्या. फाटकाशी पहारेकरी उभे होते. आत सोडत नाहीत तर इथेच लावतो, म्हणून त्या फाटकाबाहेर रोप लावायला लागल्या, आणि त्यांच्यावर हल्ला झाला. वंगारीबाईंच्या डोक्याला जखम झाली. पोलिसांत तक्रार द्यायला गेल्या, तेव्हा त्यांनी आपल्याच रक्तानं सही केली. ही बातमी जगभर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सार्वजनिक जमिनी वाटणं थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. आज करुराचं रान उभं आहे आणि नैरोबीचे लोक तिथे फिरायला जातात.

एक रोप लावायला एवढी माणसं आडवी का आली? कारण ते रोप म्हणजे हक्क सांगणं होतं. ही जागा रानाची आहे, विकायची नाही. पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपाला कोणी अडवत नाही. ज्याला अडवतात, तेच रोप काहीतरी बोलत असतं.

२००४ साली वंगारी मथाईंना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी बाई. तोवर चळवळीच्या बायकांनी सुमारे तीन कोटी झाडं लावली होती. ही बातमी आली तेव्हा वंगारीबाई आपल्या न्येरी भागातच होत्या. त्यांनी काय केलं? माउंट केनियाकडे तोंड करून एक रोप लावलं. तेही नांदी फ्लेमचं. आपल्या देशानंही २००५ चा नेहरू पुरस्कार आणि २००६ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. २५ सप्टेंबर २०११ रोजी त्या गेल्या. आपल्यासाठी झाड तोडून पेटी करू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांची शवपेटी बांबू, लव्हाळ्यासारखं पाणगवत आणि जलपर्णी यांची विणली गेली.

ही झाली तिकडची गोष्ट. आता आपल्या अंगणात येऊ.

आपल्याकडे झाडं लावायचा दिवस सरकारी झाला तो १९५० च्या जुलैमध्ये. तेव्हाचे केंद्रातले अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगला होता. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण झाडं लावतोय. पुढे सामाजिक वनीकरणाच्या काळात निलगिरी आणि सुबाभूळ गावोगावी आली. इतकी वर्षं दर जुलैत झाडं लावली, ती सगळी जगली असती तर आपल्याला उभं राहायलाही मोकळी जागा उरली नसती!

पण याच देशात दुसराही इतिहास आहे. २६ मार्च १९७४ रोजी उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या २७ बायकांनी झाडं तोडायला आलेल्या माणसांना अडवलं. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर होते. ते चिपको आंदोलन. आणि त्याहून जुना इतिहास आपल्या देवरायांचा. सह्याद्रीत गावोगावी देवाच्या नावानं राखलेली रानं आहेत. तिथली वाळकी फांदीही घरी न्यायची नाही. रोपं कोणी लावली नाहीत, तरी रान टिकलं, कारण गावानं ते आपलं मानलं. इहिथेच्या त्या आईनं मुलीला सांगितलं होतं, तेच आपल्या आज्यांनी सांगितलं होतं. फक्त एकीचं झाड चहासाठी गेलं, आणि आपल्याही काही देवराया रस्त्यासाठी, देवळाच्या सिमेंटसाठी गेल्या.

म्हणून आम्ही आमच्या गटात या वर्षासाठी थोडं ठरवलंय. तुम्हाला पटलं तर तुम्हीही करा.

पहिलं, बी आपलं. जांभळं खाऊन बिया टाकू नका, करंजाच्या शेंगा गोळा करा, कडुनिंबाच्या निंबोळ्या ताज्या असतानाच लावा, त्या फार दिवस टिकत नाहीत. दुधाच्या पिशव्या आणि जुने डबे चालतात. बाहेरून गाडी येईल तेव्हा येईल, आपली रोपं आपल्या परसात तयार असू देत.

दुसरं, जागा बघून झाड. जिथे रान तुटलंय तिथे रान. पण गवताचा माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे मेंढरं चरतात, गवतात पाखरं अंडी घालतात. माळाला माळच राहू द्यावं. आणि जुन्या झाडाचं खोड तोडूनही फुटत असेल, तर नवा खड्डा खणण्याआधी त्या फुटव्याला शेळ्यांपासून राखावं. त्याची मुळं आधीच खोल आहेत.

तिसरं, विचारून घ्यायचं. ही जागा पुढे कोणाच्या ताब्यात राहणार, गवत आणि वाळकं लाकूड कोण नेणार, हे ग्रामसभेत आधी बोलून ठरावात लिहून घ्यायचं. चुकीच्या बसमध्ये पुन्हा बसायचं नाही.

चौथं, मोजायचं. लावलेली नाही, जगलेली. दिवाळीनंतर एकदा, होळीला एकदा आणि पुढचा पाऊस पडल्यावर एकदा. गटाच्या वहीत बचतीच्या हिशेबाशेजारी तो आकडा लिहायचा, लाजिरवाणा असला तरी. आमच्या वहीतला पहिला आकडा लाजिरवाणाच आहे. पण तो लिहिला तेव्हाच कोणी विचारलं, ती जगलेली रोपं कुठे आहेत? जाऊन पाहिलं तर बहुतेक सगळी ओढ्याच्या कडेला, एका जुन्या करंजाच्या आडोशाला होती. दोन-तीन मेंढपाळ बायका येता-जाता त्यांना पाणी घालत होत्या. आम्ही त्यांना कार्यक्रमाला बोलावलंच नव्हतं.

या वर्षी पहिला खड्डा त्यांना विचारून खणायचा, असं ठरलं आहे.

तर मैत्रिणींनो, यंदाची रोपं गाडीतून उतरायच्या आधी एक काम करा. गेल्या वर्षी जिथे लावली होती तिथे एकदा चालत जा आणि मोजा. सातातली दोन भरली तरी हिरमुसू नका. ती दोन का जगली, ते तिथे उभं राहून एकमेकींना विचारा. आणि आकडा आम्हालाही कळवा, आम्ही रेडिओवर सांगू.

नमस्कार.